रानपिंगळा: आकडा वाढला, पक्षी वाढले का?

१८७२ ते १८८४ या बारा वर्षांत सात नमुने. पुढची ११३ वर्षं शून्य. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दर्शन. जून २००० पर्यंतच्या शोधात चार ठिकाणी मिळून २५ पक्षी. त्यानंतर एकट्या मेळघाटात शंभराच्या वर. आणि २०१८ पासून आंतरराष्ट्रीय लाल यादीत लिहिलेला आकडा २५० ते ९९९.

रानपिंगळ्याची दीडशे वर्षं एवढ्यात आटोपतात. ओळीनं वाचलं तर चढती भाजणी दिसते: शून्यावरून पंचवीस, पंचवीसवरून शंभर, शंभरावरून कदाचित हजारापर्यंत. एखाद्या खात्याच्या वार्षिक अहवालात असा आलेख आला असता तर टाळ्या पडल्या असत्या. पण या आलेखातली एकही उडी जास्त पिल्लं जगली म्हणून पडल्याचा पुरावा नाही. शोधणारी माणसं वाढली, ती नव्या जंगलांत फिरली, म्हणून आकडा वाढला. पक्षी वाढले, घटले की होते तेवढेच आहेत, हे यातून कळत नाही.

पक्ष्यांच्या आकड्यांची गोडी महाराष्ट्राला लावली ती रोहित पक्ष्यांनी, म्हणजे फ्लेमिंगोंनी. ठाण्याच्या खाडीत एका हंगामात त्यांची संख्या लाखाच्या पुढे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. मोठा रोहित चार-पावणेपाच फूट उंच, धाकटा तीन फुटांच्या आतबाहेर. दोघेही उथळ चिखलात उघड्यावर थव्यानं उभे. होडीतून किंवा किनाऱ्यावरून, फोटोवर चौकोन आखून त्यांचा अंदाज बांधता येतो. तरी तो आकडासुद्धा वाटतो तितका सरळ नाही. रोहित मुंबईत अंडी घालत नाहीत. त्यांची वीण कच्छच्या रणात. खाडीत ते येतात चरायला, धाकटा पाण्यातलं शेवाळ गाळून खायला आणि मोठा चिखलातले बारीक जीव टिपायला. पाऊस तोंडावर आला की बहुतेक गुजरातकडे निघतात. म्हणजे खाडीतला लाखाचा आकडा ही पाहुण्यांची हजेरी आहे. एखाद्या वर्षी ती निम्मी भरली तरी निम्मे रोहित मेले असं होत नाही. कदाचित गुजरातेत पाणी जास्त दिवस टिकलेलं असतं.

रानपिंगळ्याचं सगळं याच्या उलट. लांबी २३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. थवा नाही, जोडी. स्थलांतर नाही, बारा महिने त्याच जंगलात, आपापली हद्द राखून. रोहिताची मादी चिखलाच्या उंचवट्यावर एक अंडं घालते आणि शेजारी हजारो तशाच बसलेल्या असतात. रानपिंगळ्याची मादी साधारण दोन अंडी घालते, तीही झाडाच्या ढोलीत, सगळ्यांच्या नजरेआड. त्यामुळे याची मोजणी होडीत बसून होत नाही. डोंगरउतारावर पायी हिंडायचं, त्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवायची, थांबायचं, उत्तर येतं का ऐकायचं. उत्तर आलं तर एक जोडी. नाही आलं तर? तिथे पक्षी नाही, की आहे पण गप्प बसला, हे ठरवता येत नाही. रानपिंगळ्याच्या हिशेबातली खरी अडचण इथे आहे.

ती अडचण किती मोठी, हे पाहायला मागे जावं लागतं. पहिला नमुना डिसेंबर १८७२ मध्ये मिळाला, आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात. एफ. आर. ब्लेविट यांनी तो टिपला आणि ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध करून ब्लेविटांचंच नाव दिलं. (पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. पक्षी हा त्यांचा आधीचा ध्यास.) दुसरा १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना ओडिशातल्या खरियारला. उरलेले बहुतेक नमुने १८८० ते १८८४ या काळात पश्चिम खानदेशातले. शहादा आणि तळोद्याच्या जंगलांत मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी गोळा केलेले. फुलझर ते शहादा हे अंतर सरळ रेषेत साडेआठशे किलोमीटरच्या वर. एवढ्या पट्ट्यातून बारा वर्षांत सात पक्षी आणि मग सन्नाटा.

मध्ये १९१४ सालचा एक आठवा नमुना होता. तापीकाठच्या मांडवी या गुजरातमधल्या गावी आपण तो मारला, अशी नोंद ब्रिटिश कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहेगन यांनी करून ठेवली होती आणि पक्षिशास्त्रानं ती अनेक दशकं खरी मानली. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतली कातडी तपासली, क्ष-किरणांखाली पाहिली, आत भरलेल्या कापसाचे धागे जुळवले. हा पक्षी मांडवीचा नव्हताच. लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसन यांचाच एक नमुना होता. नव्यानं शिवून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हा घोटाळा सविस्तर छापला. आपल्या हिशेबाच्या दृष्टीनं याचा अर्थ एवढाच की आठातून एक वजा करावा लागला, शेवटची खरी नोंद तीस वर्षं मागे गेली आणि नकाशावरचं एक ठिकाण पुसलं गेलं. एका खोट्या चिठ्ठीनं एवढं केलं. सलीम अली आणि एस. डिलन रिप्ली यांच्यासारख्या मातब्बरांनीही हा पक्षी शोधून पाहिला होता. त्यांच्या हाती काही लागलं नाही. १९६८ मध्ये नागपूरजवळचा म्हणून एक फोटो पुढे आला, तोही साध्या पिंगळ्याचा निघाला.

मांडवीची नोंद खोटी, हे ध्यानात घेऊन रासमुसेन खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांना निघाल्या. सोबत बेन किंग आणि डेव्हिड ॲबट. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं पालथी घातली, हाती शून्य. मग शहादा. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, किंग यांना एक पिंगळा दिसला आणि पुढच्या काही मिनिटांत तिघांची खात्री पटली. त्याचं चित्रीकरणही झालं. त्या दिवशी शहादा तालुका धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे रानपिंगळ्याचा पुनर्शोध जिल्ह्याहून सात महिन्यांनी थोरला.

खात्री कशानं पटली, ते सांगायला हवं, कारण ११३ वर्षांतल्या कित्येक चुका इथेच झाल्या असणार. आपल्या गावात, शेतावर, जुन्या वाड्याच्या वळचणीला दिसतो तो साधा, ठिपकेवाला पिंगळा. लांबी २१ सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरच्या फरकावरून झाडावरचा पक्षी ओळखणं अशक्यच. पाहायचं ते डोकं. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके ठळक असतात; रानपिंगळ्याच्या माथ्यावर आणि पाठीवर ते जवळजवळ नसतात, सगळा करडा-तपकिरी रंग. मग छाती: गडद तपकिरी, जणू सलग पट्टा, आणि त्याखाली पोट स्वच्छ पांढरं. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे. शरीराच्या मानानं डोकं आणि चोच मोठी, पंजे तर फारच दणकट आणि पायांवर बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांचा पायजमा.

आणि वेळ. घुबडांच्या कुळातला असूनही हा पक्षी दिवसाचा आहे. हिवाळ्यातल्या थंड सकाळी तो उंच झाडाच्या शेंड्याला, पानं झडलेल्या फांदीवर ऊन खात बसतो. नंतर खाली उतरून शिकार. दहा वाजून गेले की फारसा हलत नाही. शिकारीची पद्धत बसून वाट पाहण्याची: एका फांदीवर निश्चल, फक्त शेपटी डावी-उजवीकडे झटकत, भक्ष्य दिसलं की ती झटक वाढते आणि मग सूर. हद्दीची ओरड वेगळी, जोडीदाराला घातलेली साद वेगळी, गाणं ‘ओ-ओवव’ असं काहीसं. एकदा कानात बसलं की पुन्हा चुकत नाही.

पुनर्शोधानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी या पक्ष्याचा जो अभ्यास केला, त्यातले आहाराचे आकडे मला सगळ्यात बोलके वाटतात. शंभर भक्ष्यांतली सुमारे ६० पाली, सरडे, सापसुरळ्या या वर्गातली. १५ उंदीरवर्गीय. २ पक्षी. उरलेल्या २३ मध्ये किडे आणि बेडूक. पिंगळा म्हटलं की आपल्याला उंदीर आठवतो. हा मात्र मुख्यतः सरड्यांवर जगतो. सरडे दिवसा उन्हात बाहेर पडतात, म्हणून त्यांच्यावर जगणाऱ्याला दिवसाच जागं राहायला हवं. हे सरडे जमिनीवर पालापाचोळ्यात आणि विरळ गवतात फिरताना दिसायला हवेत, म्हणून जंगल दाट नको. बसायला फांद्या हव्यात, म्हणून झाडंही हवीत. आणि ढोली असलेली जुनी झाडं तर हवीतच, कारण रानपिंगळा स्वतः ढोली कोरत नाही. सुतारपक्ष्यानं कोरलेली किंवा खोड कुजून झालेली वापरतो. साग, सालई, मधूनमधून मोकळी जागा, असं पानगळीचं रुक्ष जंगल त्याला लागतं. सरकारी भाषेत ज्याला बऱ्याचदा ‘विरळ’ किंवा ‘अवनत’ म्हणून कमी गुण मिळतात, जवळजवळ तेच.

विणीचा हंगाम ऑक्टोबर ते मे. प्रियाराधनाचा जोर जानेवारी-फेब्रुवारीत. नर शिकार करून मादीला आणून देतो, मादी पिल्लांना भरवते. पिल्लं ३० ते ३२ दिवसांत ढोलीबाहेर पडतात. नरानं स्वतःचीच पिल्लं खाल्ल्याची नोंदही याच अभ्यासात आहे. दोन अंड्यांच्या घरट्यात असं घडलं, की त्या वर्षाचं अर्धं किंवा सगळं उत्पन्न गेलं. त्यात दिवसा उघड्यावर बसायची सवय, म्हणजे मोठ्या शिकारी पक्ष्यांची भीती कायमची.

आता कॅलेंडर शेजारी ठेवा. जानेवारीत जोड्या जमतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये ढोलीत अंडी-पिल्लं. याच दिवसांत सातपुड्यात मोह फुलतो आणि फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. आग कधी झाडाखालीच विझते, कधी डोंगर चढते. ढोलीतलं पिल्लू वाचलं तरी खालचे सरडे जातात, आणि आहाराचा ६० टक्के हिस्सा नेमका तोच. मोह वेचणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी दोषी ठरवणं मला पटत नाही; नंदुरबार जिल्ह्याच्या २०११ च्या १६ लाख ४८ हजार लोकसंख्येत जवळपास ६९ टक्के आदिवासी आहेत आणि त्यातल्या कित्येकांच्या घरात उन्हाळ्याची रोकड मोहातूनच येते. झाडाखाली जाळी किंवा जुनं कापड अंथरून फुलं गोळा करता येतात. ते कापड कुणी द्यायचं, एवढाच प्रश्न. गलोलीचा आणि जादूटोण्याच्या समजुतींचा धोका खरा आहे. या पक्ष्याचे अवयव आणि अंडी काही प्रथांसाठी वापरल्याचं अभ्यासकांनी नोंदलं आहे. पण जमिनीच्या आकड्यांपुढे तो किरकोळ ठरतो.

जमिनीचे आकडे असे. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यांच्या पुनर्वसनासाठी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात तळोद्याचं सुमारे ४,२०० हेक्टर वनक्षेत्र दोन टप्प्यांत मोकळं करण्यात आलं. ४,२०० हेक्टर म्हणजे ४२ चौरस किलोमीटर. हे तेच तळोद्याचं जंगल, जिथे डेव्हिडसन हिंडत होते. म्हणजे पक्षी पुन्हा सापडण्याच्या आधीच त्याच्या खानदेशातल्या दोन मूळ ठिकाणांपैकी एकावरचा मोठा तुकडा गेलेला होता, आणि तिथे किती जोड्या होत्या हे कधीच कळणार नाही. धरण गुजरातेत, बुडीत गावं नंदुरबारची, त्यांना द्यायला जंगलही नंदुरबारचंच. विस्थापितांना जमीन मिळायलाच हवी होती. ती जंगल तोडूनच का, हा प्रश्न पक्ष्यासाठी विचारायच्या आधी माणसांसाठी विचारायला हवा होता.

आज याच जिल्ह्यातल्या तोरणमाळच्या परिसरात सुमारे ९३ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र आहे. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ५,९५५ चौरस किलोमीटर. म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. संवर्धन राखीव म्हणजे अभयारण्य नव्हे. वन्यजीव कायद्यातली ही तुलनेनं मवाळ तरतूद २००२ च्या दुरुस्तीतून आली. तीत लोकांचे हक्क कायम राहतात आणि सल्लागार समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी बसतात. तुलनेला, २०१५ मध्ये घोषित झालेलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे १६.९ चौरस किलोमीटरचं. नुसत्या क्षेत्रफळावर गेलं तर तोरणमाळ साडेपाच पट मोठं. पण खाडीतल्या एका तुकड्यात हजारो रोहित एकत्र मावतात, आणि रानपिंगळ्याच्या प्रत्येक जोडीला स्वतःची हद्द लागते. तिथे दाटीवाटी चालत नाही. त्यामुळे या पक्ष्यासाठी ‘किती आहेत’ या प्रश्नाचं उत्तर शेवटी ‘योग्य जंगल किती उरलं आहे’ याच्यापाशीच येतं. राखीव क्षेत्राबाहेरही तो असतो: सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांच्या वनात, शेताच्या बांधालगतच्या सागात. तिथल्या जुन्या, पोकळ झाडाचं काय करायचं हे ग्रामसभा ठरवणार. वन विभागाची जीप तिथवर पोहोचेपर्यंत ते झाड सरपण झालेलं असतं.

परत २५० ते ९९९ कडे. हा मोजून काढलेला आकडा नाही. प्रौढ पक्ष्यांच्या संख्येसाठी लाल यादी वापरते तो हा एक पट्टा आहे, वरचं टोक खालच्याच्या जवळपास चौपट. २०१८ मध्ये याच आधारावर रानपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. त्या वेळी ‘रानपिंगळा सावरला’ असा सूर निघाला, तो चुकीचा होता. बदल झाला कारण मेळघाट, मध्य प्रदेशातलं खंडवा-बुऱ्हाणपूर, गुजरातेतलं पूर्णा अभयारण्य अशी नवी ठिकाणं नोंदली गेली. २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यात तो सापडला, जिथे तो असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. हे सगळे पक्षी आधीपासून तिथे होते. कागदावरचा दर्जा सुधारला, जंगलात त्यांची बाजू सुधारली असं त्यातून ठरत नाही. २०१८ मध्येच जनुकीय अभ्यासानं आणखी एक जुना वाद मिटवला: ह्यूम यांनी त्याला दिलेला स्वतंत्र वंश (जीनस) गेला आणि तो साध्या पिंगळ्याच्याच वंशात जमा झाला, जात मात्र वेगळीच राहिली.

तेव्हा यापुढे रानपिंगळ्याची कुठलीही मोजणी छापून आली की तीन गोष्टी विचाराव्यात. किती ठिकाणी शोधलं, त्यातल्या किती ठिकाणी नाही सापडला, आणि मागच्या खेपेला सापडला होता त्या ठिकाणी आज आहे का. तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच सगळ्यात कमी वेळा मिळतं. शहादा-तोरणमाळ पट्ट्यातल्या १९९७ नंतरच्या जागांवर दर हिवाळ्याला त्याच महिन्यात, त्याच वेळेला, त्याच पद्धतीनं फेरी व्हायला हवी. चार नवी ठिकाणं सापडण्यापेक्षा एका जुन्या ठिकाणची दहा वर्षांची सलग नोंद जास्त मोलाची.

तोरणमाळला हिवाळ्यात जाणारे पुष्कळ आहेत. महाशिवरात्रीला गोरखनाथांच्या यात्रेला तर रीघ लागते. शहाद्याहून घाट चढताना सकाळी दहाच्या आत गाडी थांबवा आणि निष्पर्ण सागांचे शेंडे पाहा. पिंगळा दिसला तर आधी माथा पाहा, मग छाती. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. विणीच्या दिवसांत नर हद्द राखायला धावतो आणि ढोलीत मादी उपाशी राहते. ढोली सापडली तर तिचा फोटो आणि ठिकाण समाजमाध्यमावर टाकू नका, वनरक्षकाला सांगा. आणि तासभर पाहूनही काही दिसलं नाही, तर तारीख, वेळ, जागा आणि ‘शून्य’ असं लिहून पक्षीनोंदीच्या संकेतस्थळावर जरूर टाका. या पक्ष्याच्या हिशेबात सगळ्यात जास्त तुटवडा अशा प्रामाणिक शून्यांचाच आहे.